सिमेंटच्या शेअरवर माझी सही नाही

बाळ्या,

तुझी ताई जन्मली त्या वर्षी तुझे बाबा सिमेंटच्या कारखान्यात लागले. काल त्याच कंपनीचा शेअर औषधवाल्या कंपनीच्या शेअरशी ताडून तू मला समजावत होतास, "आई, सिमेंटवाला स्वस्त पडतो, नफाही वाढलाय." मीटरने मोजायचं कापड तराजूत घालून तोलावं तशी तुझी तुलना. नफा वाढला कशाने, ते विचारलंस का? कामगारांना तोंडावर बांधायचे मास्क देणं बंद केलं, त्याही वर्षी त्यांचा नफा वाढला होता. आणि औषधवाली तरी कुठली सोवळी? तिचाच श्वासाचा पंप बाबा शेवटपर्यंत विकत घेऊन ओढत होते.

तू टेबलावर ठेवलेल्या शेअर-खरेदीच्या कागदावर मी सही केलेली नाही. बाबांच्या भरपाईचे पैसे बँकेत आहेत, तिथेच राहतील. मी ताईकडे जातेय. राग उतरला की माझी मी येईन, न्यायला येऊ नकोस. जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घे.

आणि तो कारखाना स्वस्त आहे असं पुन्हा माझ्यासमोर म्हणू नकोस. तुझे बाबा त्याच्या धुळीने गेले, तू दहावीला होतास तेव्हा, मार्च महिन्यात, तुझ्या गणिताच्या पेपरच्या आदल्या दिवशी.