सासऱ्यांची अ‍ॅम्बॅसेडर बुटकी केली त्याची नोंद

१६ मार्च २०२५, रविवार
आमच्या मुलाला, ओमला, पुण्यात नोकरी लागली. जगदंबेने ऐकलं. आता माझा नवस फेडायचा: सासूबाईंना सासऱ्यांच्याच गाडीत बसवून रामनवमीला पोहरादेवीला नेईन. नवस बोलताना ओमचा विचार केला होता, गाडीचा नाही.
सासरे धावजी जाऊन सहा वर्षं झाली. त्यांची पांढरी अ‍ॅम्बॅसेडर अंगणात उभी आहे. चालते. पण डिकीत कापसाची गाठोडी भरता यावीत म्हणून त्यांनी मागच्या दोन्ही चाकांवर स्प्रिंगचे जादा लोखंडी पाटे टाकले होते. त्यामुळे गाडी भलतीच उंच. सासूबाईंचे (आम्ही सगळे त्यांना याडीच म्हणतो, म्हणजे आई) गुडघे गेलेत. आज पाय टाकून पाहिला, चढल्या नाहीत. म्हणाल्या, धराले काही असतं तं चढली असती. वयामुळे असं बोलतात.
निर्णय: याडी वर जात नाहीत, तर गाडी खाली आणायची. बजेट दोन हजार. देवाच्या कामात उधळपट्टी शोभत नाही.

१७ मार्च
यांचं म्हणणं, "अवं हंसा, पायाखाली लाकडी स्टूल ठेव ना. फुकटात काम." यांना दूरदृष्टी नाही. यात्रेत स्टूल चोरीला गेलं तर?

२० मार्च, गुरुवार
पुसदला गेलो. मोठ्या गॅरेजवाल्याने अकरा हजार सांगितले. पाण्याचा ग्लास तसाच ठेवून उठले. मग लिंबाखाली बसणारे पंजाबराव मिस्त्री. भला माणूस, कपाळाला बुक्का. म्हणाले, "ताई, दोन्हीकडचे दोन-दोन पाटे काढून देतो. आठशे मजुरी." विचारलं, चार-चार काढले तर? म्हणाले, मजुरी तेवढीच, बोल्ट तेच खोलायचे. आठशेत चारऐवजी आठ! ही गोष्ट गॅरेजवाले आपणहून सांगत नाहीत, विचारावी लागते.
पंजाबराव दोनदा म्हणाले, "ताई, गाडी पार लोळंन." मी सांगितलं, आमच्या याडी सत्तेचाळीस किलोच्या आहेत.

२२ मार्च
काढलेले आठ पाटे बाजारात लोहाराला दिले. पंजाबराव म्हणाले होते, राहू द्या, लागतील. कशाला लागतील? लोहाराने तीन विळे, एक कुऱ्हाड आणि वर तीनशे रुपये दिले. म्हणजे गाडी पाचशेत खाली झाली आणि घरात विळे आले. अशी बाई आपल्या तांड्यात दुसरी दाखवा.
मागून खाली झाली, पुढून तशीच आहे. शेजारचे हिरासिंग दारात उभे राहून म्हणाले, "काय भाबी, गाडी चंद्रावर सोडून राह्यले का?" एकादशीच्या आसपास वाद घालत नाही.

२५ मार्च, मंगळवार
पंजाबरावांनी पुढचे रॉड फिरवून पुढूनही खाली केली. तीनशे. आता सपाट. आमची कोंबडी आधी गाडीखालून जायची, आता वळसा घालून जाते.
येताना तांड्याच्या तोंडाशी गतिरोधकावर अडकली. पोट टेकलं आणि चाकं नुसती फिरत राहिली. सहा जणांनी उचलून पलीकडे ठेवली. वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. यात्रेच्या दिवशी गतिरोधक आला की याडी सोडून सगळ्यांनी उतरायचं, असं ठरवलं. यांनी विचारलं, पोहरादेवीपर्यंत किती आहेत माहीत आहे का? सत्तावीस. यांना मोजायला बरा वेळ मिळतो.

३० मार्च, पाडवा. दुपार
आज ट्रायल. गाडीला हळदकुंकू, नारळ. याडींना दाराशी नेलं. पाय उचलावाच लागला नाही, थेट आत! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सासऱ्यांची गाडी, सासऱ्यांची बायको, आणि हे सगळं अकराशेत, त्यातून विळे वजा. आत बसून याडींनी चहाही घेतला.

रात्री
आता उतरायचं लिहिते.
याडी उठेनात. गुडघे कमरेच्या वर आणि पाठ सीटमध्ये रुतलेली. मी हात ओढले, यांनी पलीकडच्या दारातून शिरून पाठीला रेटा दिला. हिरासिंग आले. ते मदत करण्यापेक्षा हसतच जास्त होते. पाऊण तास. शेवटी सीटसकट बाहेर काढल्या.
ओट्यावर बसून दम खाल्ला आणि म्हणाल्या, "हंसा, मले चढणं जमते वं. खालून उठणं जमत नाही. बाजीखाली विटा काहून ठेवल्या म्या?"
त्यांच्या बाजेच्या चारही पायांखाली दोन-दोन विटा आहेत. चार वर्षांपासून. मी रोज त्यांच्या भोवतीने झाडते. मला वाटायचं, झाडायला सोपं जावं म्हणून.

१ एप्रिल
लोहाराकडे गेले. पाटे परत मागितले. म्हणाला, "ताई, विळ्याचा पाटा होते का परत?" त्यांचे तीन विळे तर विकलेही. माझ्यासमोर एक बाई चौथा विळा घेऊन गेली.
उपाय: सीटवर दोन गाद्या, एक गोधडी. याडींना बसवलं. आता गुडघे ठीक, पण डोकं छताला. मान वाकडी करून बसल्या तर जमतं. तासाभराचाच तर रस्ता आहे. याडी नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. वाकड्या मानेने.

५ एप्रिल, शनिवार
जाऊबाई संगीता पुसदहून आली. आल्या आल्या गाडीकडे बघून विचारलं, "वहिनी, हिचे पाय कुठं गेले?" मग याडींचं आणि तिचं आत काहीतरी ठरलं. उद्या एसटीने जाणार. हेही जाणार, नारळाची पिशवी धरायला. मी बजावलं, मी गाडीचा नवस बोलले आहे, एसटीने पाऊल टाकणार नाही. वाटलं, कोणी आग्रह करेल. संगीता म्हणाली, बरं.

६ एप्रिल, रामनवमी. सकाळी नऊ
फाट्यापर्यंत पोचवून आले. एसटीच्या पायऱ्या आपल्या अ‍ॅम्बॅसेडरच्या दुप्पट उंच. याडींनी दांडा धरला आणि चढल्या. एकट्या. खिडकीतून हात हलवला. अठ्ठ्याहत्तर वय, तिकीट शून्य.
नवसाचा नीट विचार केला. गाडीत बसवेन म्हटलं होतं, पाडव्याला बसवलं. पोहरादेवीला नेईन म्हटलं होतं, त्या गेल्याच. दोन्ही झालं. एकाच दिवशी झालं नाही, एवढंच. देवी समजूतदार आहे.

अकरा वाजता
तरी मनाला चुटपुट. म्हणून वही घेऊन गाडीत येऊन बसले. निदान मी तरी गाडीत बसून जप करावा, तेवढंच नवसाला टेकू. बसले तशी गाडी माझ्या वजनाने आणखी खाली गेली. (मी सत्तेचाळीस किलोची नाही.) दार अंगणातल्या फरशीला घासलं, जोर लावून ओढून घेतलं. बसलं.
आता उघडत नाही. दाराची खालची कड फरशीच्या काठात रुतली आहे. मी उतरले तर गाडी वर येईल आणि दार उघडेल. दार उघडलं तर मी उतरेन. पाडव्यानंतर गाडी सरकवून लावली, त्यामुळे दुसऱ्या बाजूला गोठ्याची भिंत. काच चार बोटंच खाली येते. पुढच्या सीटवरून जाऊन पाहिलं. अर्ध्यात अडकले, लुगडं फाटलं, परत आले.
फोन आत चार्जिंगला. हाका मारल्या. सगळा तांडा यात्रेला गेलाय, हिरासिंगसुद्धा. एक बकरी आली, काचेतून बघितलं, गेली.

साडेअकरा
जप झाला. आरती झाली. सीट मऊ आहे, हे मान्य करावं लागेल.
याडी सहाच्या एसटीने येतील. दोन्ही हातांनी बाहेरून दार वर उचलून ओढलं तर उघडेल. संगीताच्या आधी त्या अंगणात आल्या तर बरं.