हरणासाठीची गोळी

हाइल, सौदी अरेबिया, शुक्रवार, जानेवारी २००५

लाज वाटते. काल कफील, म्हणजे इम्रानचा अरब मालक, शिकारीला निघाला तेव्हा इम्रान रायफलच्या गोळ्यांचे दोन डबे घेऊन आला. "अम्मी, तू इंग्रजी पेपर वाचतेस. हरणासाठी यातली कुठली?" एका गोळीचं टोक उघड्या शिशाचं, मऊ. दुसरी टोकापर्यंत तांब्याने मढवलेली. डब्यावरचं इंग्रजी वाचलं, पण अर्थ लागला नाही. तरी हसून म्हटलं, "ही तांब्याची. भोक लहान, मटण वाया जाणार नाही." का म्हटलं?

गोळी आरपार गेली. हरीण रक्त सांडत पळालं, सापडलंच नाही. शिशाचं टोक आत फुलतं म्हणून जनावर जागीच पडतं, हे कफीलने सगळ्यांसमोर इम्रानला सुनावलं. वर गाढव म्हणाला. पोराने माझं नाव घेतलं नाही. त्याचे अब्बा असते तर जखमी जनावर सोडून परतलेच नसते.

आज इम्रानने शेतावरच्या औषधाची बाटली पुढे केली. "यात पाणी किती, वाच ना." मला ते शिशाचं टोकच दिसलं.

"नाही समजत रे. कालही समजलं नव्हतं."

"मला तेव्हाच वाटलेलं, अम्मी. पण अब्बा गेल्यापासून तू पहिल्यांदा हसलीस, म्हणून तीच नेली."

म्हणजे ते हरीण माझ्या हसण्यापायी गेलं.