सही कोणाची आणू?

चाकूर, मंगळवार, संध्याकाळ

नांदेडहून आले, पण राग काही उतरंना. ऑक्युपेशनल थेरपीच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी आज कागदपत्रं तपासली. इथल्या दवाखान्यातल्या माझ्या दोन वर्षांच्या अनुभवाचा दाखला तिथल्या बाईंनी परत सरकवला.

“यावर हाडांच्या डॉक्टरांची सही आहे. नोंदणी असलेल्या थेरपिस्टची हवी.”

“मॅडम, आमच्याकडं दुसरं कुणीच न्हाई. मी एकटीच हाय.”

“मग हा अनुभव धरता येणार नाही.”

धरता येणार नाही! लकव्यानं गयाबाईंचा उजवा हात गेला. गल्लीत टँकर आला की त्या दारात बसून रडायच्या. तीन महिने मी त्यांना डाव्या हातानं घागर उचलायला शिकवलं. सरावाला पाणी कुठून आणणार? घागरीत वाळू भरली. आता आपलं पाणी त्या आपणच भरतात. हा अनुभव नाही, तर काय आहे?

मी आवाज चढवला. चुकलं का? नाही, बरंच केलं. माझ्या कामावर सही करणारं माणूस तालुक्यात असतं, तर पुढं शिकायची मला एवढी घाई कशाला असती?

शेवटी तिथंच उभ्यानं तक्रार लिहिली आणि शिक्क्याची पोच मिळेपर्यंत हलले नाही. शुक्रवारी कळवतो म्हणाले.

नाही म्हणायचं असंल तर म्हणू द्या. पण ते ‘नाही’सुद्धा मी लेखीच घेणार.