झॉम्बींना दाढा लागतात का?

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला बसला का? इकडे मी ठीक आहे, म्हणजे डोकं सोडून बाकी सगळं ठीक आहे. तुझ्या लेकीबद्दल एक अक्षर लिहायचं नाही, अशी तुझी सक्त ताकीद आहे आणि ती मी पाळणार. विम्याच्या कचेरीतली चांगली नोकरी सोडून सिनेमा काढायला निघालेल्या मुलीचा विषय तुझ्या घरात निघत नाही, तर माझ्या पत्रात कशाला निघेल? हे पत्र निव्वळ दातांबद्दल आहे. त्यात एक गिऱ्हाईक येईल. ते कोण, हे विचारू नकोस. (राहायला माझ्याकडेच आहे. बारीक झालीय. म्हणजे, झालंय.)

तर या गिऱ्हाइकाने मला झॉम्बींच्या कवळ्या करायला सांगितल्या. झॉम्बी म्हणजे मेलेली माणसं, जी उठून चालू लागतात आणि जिवंत माणसांना खातात. आता मी जन्मभर कवळ्याच केल्या, आणि आमच्या धंद्यात पहिला प्रश्न एकच असतो: खाता काय? नुसतं सूप पिणाऱ्याची दाढ वेगळी, दाणे फोडणाऱ्याची वेगळी. तसं मी विचारलं. माणसं खातात, म्हणाली. चावून की गिळून? तिने पटकथा चाळली, त्यात ते नव्हतं. बरं, भूक लागते का? तर म्हणे, "मामा, मेलेत ते!" अगं, मग खातात कशाला? तर म्हणे, म्हणूनच तर भीती वाटते. मला भीती नाही वाटली, काळजी वाटली. पोट चालत नाही, रक्त फिरत नाही, मग खाल्लेलं जातं कुठे? (सगळी पटकथा मी चष्मा पुसून पुसून वाचली. एकाही झॉम्बीला मध्येच उठून कुठे जावं लागत नाही.)

मी ज्यांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत काम करतो, त्या डॉक्टरांना विचारलं. ते हातातलं काम थांबवून (खुर्चीतला पेशंट तोंड उघडंच ठेवून ऐकत होता) म्हणाले, रोग चाव्यातून पसरतो, म्हणून चावतात. खायची त्यांना गरजच नाही. म्हणजे पुढचे दात पुरेत, दाढा नकोत. मी दाढा तासून टाकल्या. संध्याकाळी कॅमेरावाला आला आणि म्हणाला, छे काका, ते मेंदू खातात, मेंदू. आता मेंदू हा लोण्यासारखा मऊ, त्याला दातच कशाला? पण वरची कवटी? ती फोडायला अडकित्ताही पुरायचा नाही. पेशंटने जाताना आपलं मत दिलं ते वेगळंच: त्यांना सवय असते हो, आमचे सासरे पोट भरलं तरी ताटावरून उठत नाहीत. शेवटी कंटाळून मी दाढा परत बसवल्या. कुणाची उपासमार माझ्या हातून नको.

झॉम्बी झाली होती बागेत फिरायला येणारी आमची मंडळी: रिटायर्ड पोस्टमास्तर, लाँड्रीवाला आणि ग्रंथालयातल्या बाई. तिघंही बोळकी. गिऱ्हाइकाने बजावलं होतं, दात वाकडेतिकडे, पिवळे आणि भेसूर हवेत. पिवळे मी केले, वाकडेही केले, पण सैल बसणारी कवळी माझ्या हातून होईना गं. हात ऐकतच नाही. मग झालं काय, एका रिकाम्या फर्निचरच्या गोदामात तालीम लागली. मांस म्हणून बीट लावलेला पाव ठेवला होता. झॉम्बींनी गुरगुरत तो तोडायचा होता. त्यांनी तो एकमेकांना आग्रह करकरून खाल्ला. लाँड्रीवाल्याची जुनी कवळी इतकी टोचायची, की बिचारा कित्येक वर्षं सूपवर होता. त्याने हिरोइनचं सफरचंद उचललं, कचकन चावलं आणि तिथेच डोळ्यांना रुमाल लावला. बाई तर कॅमेऱ्याकडे बघून अशा हसल्या, की लग्नाचा फोटो वाटावा. "मामा," गिऱ्हाईक डोकं धरून म्हणालं, "यांना बघून पळावंसं नाही, पंगतीत बसावंसं वाटतंय." तालीम मोडली. दात परत द्यायला कुणी तयार नाही, ते निराळंच.

गोदाम रविवारपर्यंतच मिळालंय. तेवढ्यात जमलं नाही तर सोमवारी कचेरीत जाऊन साहेबांसमोर उभी राहीन, असं सकाळी चहाच्या वेळी गिऱ्हाईक म्हणालं. इतक्या साध्या आवाजात म्हणालं, की माझं बिस्किट चहातच विरघळलं. विषय बदलायला मी पुन्हा माझंच पालुपद लावलं: बाळ, शेवटचं सांग, ते खातात कशाला? तेव्हा ती कपाकडे बघत म्हणाली, "भूक नसते, मामा. गरजही नसते. त्यांना फक्त आपल्या माणसाचं दार आठवतं. तिथे येतात, तोंड उघडतात आणि बोलणं तर विसरलेलं असतं. मग चावतात." सिनेमाचा शेवट तोच आहे म्हणे. मुलीच्या दाराशी तिची मेलेली आई येते आणि तोंड उघडते. मी विचारलं, आणि? तर म्हणाली, तिथेच तर अडलंय.

मी जास्तच गोंधळलो. तोंड खाण्यासाठी उघडलंय की बोलण्यासाठी, हे कळल्याशिवाय कवळी करायची कशी?

भावोजींना नमस्कार. तब्येतीला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. आईचं काम करायला अजून कुणी मिळालेलं नाही. ग्रंथालयातल्या बाईंना उभं करून पाहिलं. गिऱ्हाईक म्हणालं, छान करतात, पण यांना नीट रागावता येत नाही.

आणखी ता. क. दात तयार आहेत. माप घ्यावं लागलं नाही, तुझ्या कवळीचा साचा माझ्याकडे होताच. रविवारी सकाळी ये. (तिला सांगितलेलं नाही.) दारात उभं राहून तोंड उघड, पुढचं तुझं तू ठरव, चावलीस तरी चालेल. दाढा मात्र सगळ्या घातल्यात, कारण नंतर तुम्हा दोघींना माझ्याकडे जेवूनच जायचंय.