गिरीधरसाठी फुंकर

२ जून, सोमवार
इलेक्ट्रॉनिक सिटीतला फ्लॅट झकास आहे! नागपूरच्या उन्हातून सुटका झाली म्हणून श्वेता खूश, शाळा आवडली म्हणून आमची लेक संपदा खूश. माझं कामही सोपं. आयटीवाल्यांच्या बस सुटतात त्या डेपोत सकाळी ड्रायव्हरांना दारू तपासायच्या मशीनमध्ये फुंकर मारायला लावायची. हिरवा दिवा लागला तर बसची चावी द्यायची, लाल लागला तर घरी पाठवायचं. सोड्यानेही ठसका लागणाऱ्या नवऱ्याला हे काम मिळालं म्हणून श्वेता हसत सुटली. डेपोच्या फाटकाशी फुलं विकणाऱ्या गंगव्वाने संपदासाठी अबोलीचा गजरा दिला. तिच्याकडूनच पहिला कन्नड शब्द शिकलो: स्वल्प, म्हणजे थोडं.

११ जून, बुधवार
ड्रायव्हर कमी, फेऱ्या जास्त. पहाटे उठून उठून अंग आंबून गेलंय. आज गिरीधरचा लाल आला. ड्रायव्हर, चार पिढ्यांपासून इथलाच मराठी माणूस, मला घरच्यासारखा. रात्रीची आहे, कधीच उतरली, म्हणाला. मॅनेजरचे फोनवर फोन. "सुहासअण्णा, स्वल्प तुम्हीच फुंका की," गिरीधर म्हणाला. वाद घालायचं त्राण नव्हतं. त्याच्या नावावर मी फुंकर मारली. हिरवा. चावी दिली.
बस फाटकातून निघाली आणि तिथेच फुटपाथवर चढली. गंगव्वा गेली. गिरीधरही.

१२ जून, गुरुवार
मॅनेजरने पोलिसांना कालचा हिरवा दाखवला. फुंकर माझी होती, हे मी लपवलं. माझी मलाच किळस येते. झोप नाही.

१६ जून, सोमवार
मशीन चालतंय का, हे पाहायला रोज पहिली फुंकर माझी. आज लाल. पुन्हा लाल. दुसरं मशीन काढलं, तरी लाल. थेंब घेतला नाही हो. ड्रायव्हर हसले.

१९ जून, गुरुवार
श्वेता म्हणते, तोंडाला वास येतोय. संपदाची शपथ घेतली, तरी पटत नाही तिला. पाय लटपटतात. जीभ जड. सकाळी चूळ भरली, तर बेसिनमध्ये — अबोलीची फुलं.

२३ जून, सोमवार
श्वेता लवकर गेली. बजावून गेली, संपदाला स्कूटरवर न्यायचं नाही, रिक्षा कर. एकही रिक्षा यायला तयार नाही. शाळेला उशीर — फार दमलोय. मशीन घरी आणलंय. फुंकलं, लाल. पुन्हा —
संपदा हेल्मेट घालून दारात. तिच्यापुढे मशीन धरलं. तोंडातून निघालं, स्वल्प तूच फुंक की. असं मी बोलत नाही. हे बोलणं गिरीधरचं —
तिने फुंकलं. हिरवा.
हिरवा म्हणजे हिरवा. निघायला काय हरकत आहे — चावी घेतली. भिंत का हलतेय — संपदा खालून हाका मारतेय, बाबा, चला की —
आलो. आलो, स्वल्प