शेवटची वाफ

१७ ऑक्टोबर १९९८, शनिवार

सामान लागलं. पुस्तकांची तीन खोकी सोडली तर सगळं जागेवर आहे आणि या वयात एका दिवसात घर लावता येतं याचा मला बालिश आनंद झाला आहे. घर लहान, कोरडं आणि उबदार. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आवार सरळ खाली उतरतं. वीस पावलांवर बर्चचं मोठं झाड, त्याखाली गाडी लावायची जागा, आणि साठ पावलांवर, सरोवराच्या काठाला, लाकडी सौना, म्हणजे वाफेच्या अंघोळीची खोली. पावलं मोजली. भूमिती शिकवणाऱ्या कोरिनबाईला अंतर मोजल्याशिवाय झोप येत नाही.

घरमालक अर्व्हो लाम्पिनेन आणि त्याची बायको हिल्मा शेतापलीकडे राहतात. दोघंही सत्तरीच्या पुढची, आईबाप फिनलंडहून इथल्या खाणीत कामाला आलेले. हिल्मा वेलदोड्याचा गोड पाव घेऊन आली आणि सौनाचे नियम सांगून गेली. शनिवारी पेटवायची. आत भांडायचं नाही, शिवी द्यायची नाही. आपली अंघोळ झाली की तापलेल्या दगडांवर आणखी एक ओगराळं पाणी टाकायचं, दार लावायचं आणि मागे न बघता घरी यायचं. ती शेवटची वाफ आपली नाही. मग कोणाची, असं मी विचारलं. ती म्हणाली, ज्यांना उशीर होतो त्यांची, पोरी.

मुलीला, टेसला, फोन केला. चौदा नोव्हेंबरला नक्की येते म्हणाली.

२१ ऑक्टोबर, बुधवार

आज रायफल घेतली. लिहून ठेवते, कारण का घेतली हे मला स्वतःलाच स्पष्ट हवं आहे.

हरणांची शिकार पंधरा नोव्हेंबरला सुरू होते. गेली नऊ वर्षं रस आणि टेस, बापलेक, त्या पहाटे एकत्र जात. रस, माझा नवरा, एप्रिलमध्ये वारला. त्याची रायफल त्याच्या भावाने नेली आणि मी भांडले नाही. त्यानंतर टेस माझ्याशी फोनवर फक्त हवामानाचं बोलायची. सप्टेंबरमध्ये मीच म्हटलं, या वर्षी मी येते तुझ्याबरोबर. ती हसली. म्हणाली, आई, तुला टाचणी टोचली तर तू टाचणीची माफी मागतेस, तू हरणावर काय नेम धरणार? पण हसली. पाच महिन्यांत पहिल्यांदा.

तेव्हा ही रायफल हरणासाठी नाही. मी ती लाच म्हणून घेतली आहे का, हा प्रश्न आहेच.

दुकानात जुन्या लष्करी रायफली पिंपात छत्र्यांसारख्या उभ्या होत्या. एकोणऐंशी डॉलर. दुकानदार म्हणाला, बाई, या पैशात दुसरीकडे नुसता पट्टा मिळतो. रशियन बनावटीची, युद्धात फिनिश सैन्याने हिसकावलेली. नळीवर चौकटीत त्यांचा शिक्का आहे. गोदामात गंजू नये म्हणून फासलेलं काळं मेणचट ग्रीस अंगभर. दुकानदाराने बजावलं की ग्रीस उष्णतेशिवाय निघत नाही आणि लाकडातलं तर पुसून कधीच निघत नाही, ते घामासारखं बाहेर काढावं लागतं.

२४ ऑक्टोबर, शनिवार

पहिली सौना. इतकं स्वच्छ मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

ग्रीसचाही प्रश्न सुटला. अंघोळ आटोपून बाहेर आले तेव्हा दगड अजून लाल होते. एवढी धग वाया जाणार हे बघवेना. रायफल सुटी केली, लोखंड आणि लाकूड वरच्या फळीजवळ खुंट्यांना टांगलं, खाली जुनी वर्तमानपत्रं पसरली. पाणी टाकलं नाही, वाफेने लोखंड गंजलं असतं. तासाभराने गेले तर लाकडातून काळे ओघळ निघाले होते. चिंध्यांनी पुसलं आणि पुन्हा टांगलं. चार वेळा. शेवटी दस्त्याचा लालसर रंग वर आला.

हिल्माची शेवटची वाफ राहिली, हे आत्ता लिहिताना आठवलं. तिची श्रद्धा मी तुच्छ मानली का? नाही. काटकसर केली. पण विसरले म्हणणंही खरं नाही. आठवत होतं, आणि मी ते बाजूला सारलं.

३१ ऑक्टोबर, शनिवार

अर्व्हो मला नेमाच्या सरावाला खडीच्या खाणीवर घेऊन गेला. रायफलीवरचा शिक्का त्याने अंगठ्याने चाचपला. म्हणाला, हिचा पहिला धनी एक, दुसरा त्याला मारणारा, आणि तिसऱ्या तुम्ही, मास्तरीणबाई. मग माझा चेहरा बघून म्हणाला, अहो थट्टा केली, तिच्यापेक्षा तुमची चारचाकी जास्त माणसं मारेल.

तीस गोळ्या. खांदा निळा पडला आहे. जुन्या गोळ्यांच्या दारूत क्षार असतो, म्हणून घरी आल्या आल्या नळीतून किटलीभर उकळतं पाणी ओतलं, कोरडी केली, तेल दिलं. पुसताना दस्ता पुन्हा काळा पाझरला. सहा दिवस कोरडा होता.

७ नोव्हेंबर, शनिवार

दुर्बीण बसवली. टेसचे डोळे रसवर गेले आहेत, नळीच्या टोकावरच्या नुसत्या माशीने तिला नेम धरता येणार नाही. दुकानदार रायफलीला भोकं पाडून देतो म्हणाला. मला ते पटलं नाही. जिने एवढं सोसलं तिला आता मी भोकं पाडायची? मागच्या नेमपट्टीच्या जागी बसणारी बैठक मिळाली, तीवर दुर्बीण पुढे सरकून बसते.

मग ती जुळवली. बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा, काढून ठेवायचा. रायफल टेबलावर वाळूच्या पिशव्यांवर ठेवायची आणि मागून नळीतूनच बघायचं. सौनाच्या दारावर एक काळी गाठ आहे, ती नळीच्या गोलात मधोमध आणली. मग रायफल न हलवता दुर्बिणीतून बघत, स्क्रू टिक टिक फिरवत, आतली बारीक रेघांची फुली त्याच गाठीवर आणली. नळी आणि दुर्बीण एकाच ठिकाणी बघू लागल्या. फार समाधान झालं. टेसला दाखवण्यासाठी सगळं तसंच टेबलावर ठेवलं आहे.

८ नोव्हेंबर, रविवार

फुली सरकली आहे. नळीत गाठ मधोमध, म्हणजे रायफल हललेली नाही. फुली मात्र डावीकडे, दाराच्या कडेवर. मोजून बारा टिका मागे आणली. बैठकीचे स्क्रू घट्ट आहेत. पहिल्या दिवशी धातू बसतो, असं असेल.

९ नोव्हेंबर, सोमवार

पुन्हा बारा. अकरा नाही, तेरा नाही.

फुली दाराच्या कडेवर होती आणि त्या कडेवर चार बोटं होती. आतून धरलेली. बोटांतून वाफ निघत होती, अंघोळीनंतर थंडीत निघते तशी. दुर्बीण सोडून खिडकीतून पाहिलं. दार बंद, कडी लावलेली. नळीतून पाहिलं. दार बंद. दुर्बिणीतून चार बोटं.

जाऊन कडी उघडली. आत कोणी नव्हतं. दगड गार. वरची फळी ओली होती.

१० नोव्हेंबर, मंगळवार

शाळेतून आल्यावर, उजेड असतानाच बघितलं. बारा टिका. तो सौनाच्या पायरीवर उभा होता. करडा लोकरी कोट, डोकं उघडं, सगळ्या अंगातून वाफ. चेहरा ग्रीस फासल्यासारखा काळा आणि चकचकीत. दोन्ही हात रायफल धरल्यासारखे, पण रिकामे.

थकवा, शोक, वय या सगळ्या शक्यता मी मांडून पाहिल्या. दुर्बीण आणि बोल्ट घेऊन अर्व्होकडे गेले आणि ग्रीस कुठे काढलं तेही सांगितलं. मला वाटलं तो हसेल. हिल्माने हातातलं विणकाम खाली ठेवलं. अर्व्हो म्हणाला की त्याच्या आईला याच सौनात शेवटची अंघोळ घातली. इथे मेलेल्यांना धुतात, बाई. जो घरापासून दूर मेला त्याला कोणी धुतलेलं नसतं. तो नंबर लावून बसतो. तुम्ही त्याच्या नंबराला त्याची रायफल अंघोळीला नेलीत, आणि त्याला कोरडं ठेवलंत.

मी विचारलं, तो पहिला धनी की दुसरा? अर्व्हो म्हणाला, बर्फात दोघांचा कोट सारखाच दिसतो.

बोल्ट त्याने ठेवून घेतला, हिल्माच्या पिठाच्या डब्यात, झाकणावर इस्त्री. म्हणाला, बोल्टशिवाय ती नुसती पाण्याची नळी.

११ नोव्हेंबर, बुधवार

दुर्बीण काढून कपाटात ठेवली आहे. आज नुसत्या नळीतून पाहिलं. आता तो नळीतही दिसतो.

वाटेवर उभा आहे. त्याच्या उंचीवरून अंतर काढलं, ते काम मी झोपेतही करू शकते. काल साठ पावलं. आज पन्नास. गुरुवारी चाळीस, शुक्रवारी तीस. शनिवारी वीस.

वीस पावलांवर बर्च आहे. शनिवारी टेस तिथे गाडी लावणार.

तिला येऊ नको म्हणून फोन केला. म्हटलं, रस्ता निसरडा आहे. तिचा आवाज एकदम सपाट झाला. म्हणाली, तुला जमणार नाही हे मला माहीतच होतं, आई, पण मी बाबांसाठी येते आहे. फोन ठेवला.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

हिल्माने सांगितलं तसं सगळं केलं. सौना पेटवली. स्वच्छ पंचा, साबण, बादली, बर्चच्या डहाळ्या ठेवल्या. दगडांवर ओगराळंभर पाणी टाकलं, माफी मागितली, मोठ्याने, दार लावलं आणि निघाले. हिल्माने हात धरून बजावलं होतं. बघायचं नाही. अंघोळ करणाऱ्याकडे कोणी बघत नाही, पोरी.

घरात येऊन पाठ करून बसले. धुराड्यातून धूर येत असेल. दाराचा आवाज आला. उघडलं, लागलं. पाणी दगडांवर पडल्याचा आवाज, लांबवर. त्याला वाफ मिळाली. मला रडू आलं.

इथेच थांबायला हवं होतं. पण टेस येणार. तो खरंच गेला का, हे नुसतं मानून कसं चालेल? पडताळा न करता मी मुलांना एक प्रमेयही लिहू देत नाही.

नळीतून पाहिलं.

सौनाच्या खिडकीत तो होता. उघडा, धुतलेला, गोरा, फार तर वीस वर्षांचा. डोळे मिटलेले.

त्याने ते उघडले.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

शाळेत गेले नाही. नळीत आज काही नाही. काहीच नाही, काळोख. पलीकडून कोणी डोळा लावला की नळी अशीच दिसेल.

अर्व्होला सांगितलं की मी पाहिलं. त्याने विचारलं, त्यानेही पाहिलं? मी हो म्हटलं. त्याने टोपी काढली.

रायफल सरोवरात टाकायची. उद्या सकाळी, अर्व्हो होडी घेऊन येतो.

१४ नोव्हेंबर, शनिवार

सकाळ. टेबलावर वाळूच्या पिशव्या आहेत. त्यांवर रायफलीचा खोलगट ठसा आहे. रायफल नाही. कपाटातली दुर्बीण नाही.

साडेआठ. टेसच्या वसतिगृहावर फोन. तिची मैत्रीण म्हणाली, सहालाच निघाली. आठ तास तरी लागतात. वाटेतल्या मोठ्या पुलावर आज शिकाऱ्यांची गर्दी —

दहा. अर्व्होचा फोन. इस्त्री झाकणावर तशीच होती. डब्यात पीठ होतं. पिठात बोल्ट नाही, फक्त काळं ग्रीस.

होडीची आता गरज नाही म्हणाला, तो मोठ्या रस्त्याच्या वळणावर जाऊन टेसची गाडी अडवतो. हिल्माही. दोघं म्हातारी, बर्फात.

साडेतीन. बर्फ दाट. अर्व्होचा पत्ता नाही. सौनाच्या धुराड्यातून धूर. मी पेटवलेली नाही.

सौनाची खिडकी उघडी आहे.

चार. वहीच्या पानावर एक सावली आहे. केसाएवढी बारीक उभी रेघ आणि आडवी रेघ. फुली. वाटलं काचेवर काही असेल. वही सरकवली. फुली सरकली नाही. होती तिथेच राहिली, माझ्या हातावर. मी खुर्ची मागे घेतली. फुली माझ्याबरोबर आली. वहीवर नाही. माझ्यावर आहे —

बरं. हे बरं. माझ्यावरच असू दे. पाहिलं मी. त्याचं काही चुकलं नाही. नंबर मी घेतला, पाहिलं मी. तिने नाही. मी खिडकीत बसून राहते, हलत नाही, त्याला दिसत राहते. लिहीत राहते म्हणजे हात स्थिर —

दिवे. बर्चखाली दिवे वळले. अर्व्हो चुकला, बर्फात त्याला गाडी दिसली नसेल. टेस. ओरडले, काचेतून ऐकू जात नाही. धावले तर फुली सुटेल. बसले तर —

टिक.

आवाज खालून आला, सौनाच्या उघड्या खिडकीतून. फुली बोटावरून करंगळीवर.

टिक. टिक. डावीकडे. बर्चकडे. मी हात तिच्याखाली नेते आहे, ती हाताखालून —

पाच. सहा. बारा असणार, बारा असतात, मी दार उघडते, मधे उभी राहते, वीस पावलं आहेत, वीस पावलं सहा टिकांत —

टेस हात हलवते आहे. रसचा लाल कोट घातला आहे तिने. हसते आ—

नऊ. लेखणी टाक कोरिन. दहा

अक