छबूमावशीचं चित्र

आई, लांबूनच तुझ्या पाया पडते.

सावेडीत मी बरी आहे, वेळेवर जेवते. चित्रकलेचे सर म्हणायचे, "तुझ्या चित्रांत तू कुठे दिसत नाहीस." म्हणून यंदा दुसऱ्यांची नक्कल सोडली. तापानं फणफणलेल्या छबूमावशीला उसाच्या फडात ओढत नेणारा आपल्या ऊसतोड टोळीचा मुकादम काढला. या वेळी चित्र माझं झालं.

काल प्रदर्शनात एक माणूस त्यापुढे बराच वेळ थांबला. "ह्यो मुकादम वळखीचा वाटतोय. गाव कोणतं गं तुझं?"

मी सांगून बसले. त्यानं फोटो काढून कुणाला तरी पाठवला आणि हसला.

मावशी बरी आहे ना? तिला काही दिवस आपल्याकडेच झोपायला बोलव. दाराला आतून कडी घालत जा.

हे ऐकून सर चित्र उतरव म्हणाले. मी उतरवलं नाही, आई.

तुझीच,
धनश्री